बांधावरचा जंतू

कुणी म्हशी पाळतं, कुणी कोंबड्या पाळतं. मी बावीस वर्षं जंतू पाळले, आणि तेही सहकारी तत्त्वावर. माझ्या लग्नाच्या बोलणीत "मुलगी काय करते?" असं विचारलं गेलं, तेव्हा वडिलांनी "साखर कारखान्यात आहे" एवढंच सांगून पोह्यांची बशी पुढे सरकवली. पुढचं सांगितलं असतं तर मी अजून बीडला माहेरीच असते.

वडिलांचं तसं खोटं नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या आवारात, मळीच्या टाक्यांच्या मागे, पत्र्याच्या दोन मोठ्या शेड होत्या. तिथे जनावरांचं औषध तयार व्हायचं. जखमेत पू झाला, शेळीला हगवण लागली, की डॉक्टर जी पिवळी पूड देतात ती. कारखान्याचं आणि तालुक्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. त्या वेळचे निम्मे संचालक आणि सगळे कारकून अजून खणखणीत आहेत.

हे औषध कसं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ नीट कळेल. शेतातलं ढेकूळ उचललं तर त्यात जंतूंची अख्खी वस्ती असते. त्यातला एक जंतू धाग्यासारखा वाढतो आणि वाढता वाढता अंगातून असा काही रस सोडतो की बाकीचे जंतू त्याच्या आसपास फिरकत नाहीत. तो रस म्हणजे औषध. आपण त्या जंतूला पकडायचं, खाऊपिऊ घालायचं आणि रस काढून घ्यायचा. गाय पाळून दूध काढतात तसंच. फक्त ही गाय डोळ्यांना दिसत नाही आणि हिचा गोठा दहा हजार लिटरचा असतो.

गोठा म्हणजे पोलादी टाकी. तिच्यात शेंगदाण्याची पेंड, सोयाबीनचं पीठ, मक्याचा स्टार्च आणि थोडी साखर पाण्यात कालवायची, वाफेनं शिजवून आत जे जिवंत असेल ते सगळं मारून टाकायचं, थंड करायचं आणि मग आपला जंतू सोडायचा. खालून स्वच्छ हवा, मधे फिरता पंखा आणि बाहेरून थंड पाण्याचं वेष्टण. जंतू खाऊ लागला की त्याचं अंग तापतं. अठ्ठावीस अंशांवर तो खुशीत असतो, पस्तीसला रुसतो आणि चाळीसला मरतो. सहा दिवस त्याची बडदास्त ठेवली की टाकी पिकते. फेस फार आला तर वरून शेंगतेल सोडायचं. हे तेल टाकीपेक्षा कामगारांच्या भज्यांत जास्त जातं असा माझा संशय होता, आणि एका श्रावणात मला तो वासावरूनच पक्का करता आला.

टाकीत दुसरा एकही जंतू शिरता कामा नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तो पहिल्याच दिवशी मोडला. उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी नारळ फोडला, कुणाचं लक्ष नाही असं बघून टाकीचं वरचं झाकण भक्तिभावानं उघडलं, आणि नारळाचं पाणी, हळदकुंकू आणि झेंडूचं एक फूल आत सोडलं. तिसऱ्या दिवशी टाकीत नासलेल्या ताकासारखं काहीतरी झालं होतं आणि वास थेट वसाहतीपर्यंत गेला होता. तेव्हापासून मी दाराशी एक जुना डिझेलचा बॅरल रंगवून, त्याला नळ आणि घड्याळ लावून ठेवला. पुढचे सगळे पाहुणे त्या बॅरलचंच उद्घाटन करून गेले. एकानं तर त्यावर कान ठेवला आणि आत जंतूंची हालचाल ऐकू येते असं सांगितलं.

टाक्यांचं यंत्र सांभाळायला करीमभाई होते. माजलगावचे, आधी ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचे. टाकीच्या आवाजावरून आतलं तापमान सांगायचे आणि अर्ध्या अंशापलीकडे कधी चुकले नाहीत. जंतू या प्रकारावर मात्र त्यांचा शेवटपर्यंत पुरता विश्वास बसला नाही. दिसत नाही त्याला पगारी माणसं ठेवायची हे त्यांना पटत नसे.

आता त्या दुष्काळाच्या वर्षाकडे येते.

मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. माजलगावच्या धरणात मृतसाठा उरला, उसाची चिपाडं झाली आणि कारखान्याच्या गाळपाची आशाच नव्हती. अख्ख्या आवारात चालू होती ती फक्त माझी टाकी, आणि ती टँकरचं पाणी पीत होती. साहजिकच सभासदांचा डोळा तिच्यावर गेला. माणसांना पाणी नाही आणि जंतूंना टँकर, अशी चर्चा पारावर रोज व्हायची. आमचं पाणी गोल फिरून पुन्हा वापरात येतं, उन्हात उडून जातं तेवढंच वरून घालावं लागतं, हे मी समजावून सांगायचे. पण टँकर आत जाताना सगळ्यांना दिसायचा, गोल फिरणारं पाणी कुणालाच दिसायचं नाही.

त्यात कुणीतरी शोध लावला की हा जंतू मुळात इथला नाहीच, पुण्याच्या प्रयोगशाळेतून काचेच्या नळीत आणलेला आहे. हे खरंच होतं. मग तर बोलायलाच नको. जागा आपली, साखर आपली, पाणी आपलं आणि जंतू पुण्याचा, हा कसला सहकार, असा सवाल एका बैठकीत आला. आमचे चेअरमन हुशार गृहस्थ. त्यांनी उभं राहून जाहीर करून टाकलं की यंदाच्या सर्वसाधारण सभेत आपल्याच मातीतल्या जंतूनं केलेलं औषध सभासदांसमोर ठेवू. नाही ठेवता आलं तर टाक्या भंगारात काढू आणि विषय संपवू. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होते. सभा पाच आठवड्यांवर होती आणि शेडमध्ये आम्ही चाळीस माणसं कामाला होतो. चाळिसांपैकी कुणालाही जवळपास दुसरी नोकरी मिळण्यासारखी नव्हती, आणि मला तर मुळीच नव्हती. जंतू पाळणाऱ्या बाईला वडवणीच्या बाजारात कोण काम देणार?

दुसऱ्या दिवसापासून मातीच्या पुड्या यायला लागल्या. कागदाच्या, धोतराच्या फडक्यातल्या, औषधाच्या बाटल्यांतल्या. प्रत्येक पुडीवर नाव आणि गट नंबर. एकानं मातीसोबत सातबारा जोडला. एकानं म्हसोबाच्या पायाची माती आणली आणि ती ताटलीत घालण्याआधी मी आंघोळ केली आहे का याची चौकशी केली. एक गृहस्थ शेजाऱ्याच्या शेतातली माती घेऊन आले. शेजाऱ्याची जमीन निकस आहे हे सरकारी प्रयोगशाळेकडून लेखी हवं होतं त्यांना. मी सरकारी नाही म्हटल्यावर पुडी परत घेऊन गेले.

मी रोज माती पाण्यात कालवून काचेच्या ताटल्यांत पसरत होते. ताटलीभर साधे जंतू उगवतात, साय धरल्यासारखे. त्यात एखादा ठिपका असा निघतो की त्याच्याभोवती स्वच्छ मोकळं कडं असतं. तिथे साय धरतच नाही. ते कडं म्हणजे त्या जंतूचा रस. कडं जितकं रुंद तितका रस जोरदार. तीन आठवडे मी ताटल्या उजेडाला धरत होते, आणि मग एका सकाळी एका ताटलीत चवलीच्या नाण्याएवढं कडं दिसलं. असलं कडं मी आयुष्यात चारपाचदाच पाहिलं असेल. वहीत बघितलं तर त्या मातीच्या दोन पुड्या मी एकत्र कालवल्या होत्या, दोन वेगळ्या नावांच्या, आणि जागा एकच लिहिलेली: बांध.

किसननाना आणि मारुतीअण्णा हे सख्खे चुलतभाऊ. दोघांच्या रानांमधला बांध कुणाचा यावरून त्यांचं सतरा वर्षं भांडण चालू होतं. त्या बांधावरच विहीर होती. पाणी मचूळ, माणसाला पिण्यासारखं नाही, पण जनावरं पीत आणि मोसंबीला चालत असे. एक दिवस नानाची पाळी, एक दिवस अण्णाची, अशी कोर्टातून ठरवून घेतलेली. दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलायचंच झालं तर मधे तिसरा माणूस उभा करून त्याच्याशी बोलत.

मी दोघांना बोलावलं, कारण चेअरमनसाहेबांना नाव पाहिजे होतं. दोघं प्रयोगशाळेत आले आणि मला मधे धरून उभे राहिले. मी ताटली दाखवली. हा ठिपका म्हणजे जंतू, हे मोकळं कडं, इथे तो दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही, असं सांगायला लागले. सहलीला शेड बघायला येणाऱ्या महाविद्यालयातल्या मुलींना हे समजवायला मला तास लागायचा. नानांनी एकदाच वाकून बघितलं.

"म्हंजी ह्यो शेजाऱ्याला बांधावर पाय ठेवू देत न्हाई," नाना म्हणाले.

"बराबर. आमचाच हाय त्यो," अण्णा म्हणाले.

त्यानंतर जंतू नानांचा की अण्णांचा यावर माझ्या दोन्ही कानांत पाऊण तास वाद झाला. शेवटी मी सांगितलं की जंतू बांधाचा आहे आणि नाव कोर्ट ठरवेल. हे दोघांनाही मान्य झालं. कोर्टावर त्यांचा फार विश्वास होता.

खरी अडचण मी कुणाला सांगितली नव्हती. रानातनं पकडून आणलेला जंतू ताटलीत कितीही पहिलवान असला तरी टाकीत उतरला की गळपटतो. पुण्याचा जंतू वर्षानुवर्षं निवडून निवडून माणसाळलेला होता, घागरीभर दूध देणाऱ्या म्हशीसारखा. बांधावरचा जंतू होता त्याच्याच कुळातला, पण छोट्या चंबूत वाढवून बघितला तर रस इतका कमी की त्यातून पूड निघाली असती चमचाभर. त्याला सुधारायला दोन-चार वर्षं लागली असती. माझ्याकडे उरले होते नऊ दिवस. चेअरमनसाहेबांना हे सांगायला गेले तर त्यांनी "आपली माती कधी कमी पडणार नाही" असं सांगून चहा मागवला.

मी मग जे केलं ते माझं मी केलं, कुणाच्या सांगण्यावरून नाही. ज्या दिवशी बांधावरचा जंतू मोठ्या टाकीत सोडायचा होता त्या दिवशी मी पुण्याचा सोडला. बांधाचा जंतू नळीत घालून फ्रीजमध्ये, लोण्याच्या डब्यामागे ठेवून दिला. करीमभाई झडप धरून शेजारीच उभे होते. नळीवरची चिठ्ठी त्यांना दिसली असणार. त्यांनी झडप बंद केली आणि हात पुसले.

"म्याडम, मला टाकी कळती," ते म्हणाले. "जंतू आपल्याला दिसतच न्हाई."

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग आम्ही पाणी वाचवायला गेलो.

टाकीत सोडलेली हवा वरच्या पाइपानं बाहेर पडते. एरवी ती आम्ही पाण्याच्या एका हौदातून बुडबुडवून सोडायचो, म्हणजे वास धुतला जायचा. टंचाईमुळे मी तो हौद बंद करायला लावला आणि पाइप सरळ मोकळ्यावर काढला. या जंतूला वास कसला असतो ते सांगायचं राहिलं. ओल्या मातीचा. रानात पाऊस पडल्यावर जो वास सुटतो तो मुळात याच कुळातल्या जंतूंचा असतो. आमच्या टाकीत ते दहा हजार लिटर होते, वारा पश्चिमेचा होता आणि तीन महिने पाऊस नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा म्हशींनी माना वर केल्या. मग माणसं घराबाहेर आली. पलीकडच्या वस्तीवर एकानं घाईघाईनं कडब्याची गंज ताडपत्रीनं झाकली. त्याचं बघून बाकीच्यांनी झाकल्या. आमच्याकडे पडला नाही म्हणजे शेजारच्या गावात पडला असणार, असं प्रत्येक गाव म्हणू लागलं. वडवणीत एका दुकानदारानं माळ्यावरच्या छत्र्या काढून बाहेर टांगल्या. वास कारखान्यातून येतोय हे कळल्यावर सगळ्यांचा हिरमोड होईल असं मला वाटलं होतं, पण झालं भलतंच. लोक बाजा घेऊन पाइपाखाली येऊन बसू लागले. म्हातारी माणसं डोळे मिटून पडून राहत. एक आजीबाई सुनेला घेऊन आल्या आणि तिला म्हणाल्या की बाळंतपणाआधी एवढा तरी वास घे. मला हसू आलं आणि मी सुनेसाठी एक बाज पुढे ओढली.

तिसऱ्या दिवशी तलाठीआप्पा मोटारसायकलवरून रस्त्यानं चालले होते. त्यांनी वास घेतला. पाइपातून गळणाऱ्या वाफेनं खालची जमीन चांगली घमेलंभर ओली झाली होती, ती लांबून बघितली. बाजांवर समाधानानं पडलेली माणसं बघितली. खाली उतरायची तसदी न घेता त्यांनी तहसील कचेरीत जाऊन लिहून दिलं: हलक्या सरी, जमीन ओलसर, शेतकऱ्यांत समाधान.

चौथ्या दिवशी सकाळी आमचा टँकर आला नाही.

दहा वाजता मी कचेरीत होते. कारकुनानं कागद माझ्यापुढे धरला. पाऊस झालेला असल्यामुळे टँकर बंद. मी म्हटलं, पाऊस झालेला नाही, तो माझ्या जंतूंचा वास आहे. त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि खुर्ची मागे घेतली. मग म्हणाला की एकदा नोंदलेला पाऊस त्याला रद्द करता येत नाही. पाऊस न पडल्याचा दाखला आणा. तो कोण देणार? तलाठी. तलाठीआप्पा कुठे आहेत? पाटोद्याला, साडूच्या घरी, उद्या येतील.

परत आले तेव्हा टाकी एकतीसवर होती. पोळा जवळ आला होता आणि ऊन वैशाखाचं होतं. हौदात तळाला वीतभर पाणी. करीमभाई टाकीला कान लावून बसले होते. त्यांनी संध्याकाळपर्यंतचा हिशेब सांगितला: दोन वाजता तेहेतीस, चार वाजता पस्तीस, त्यानंतर मी विचारू नये. टाकी गेली तर पुन्हा लावायला दिवसच उरले नव्हते. सभा, भंगार, चाळीस माणसं, सगळं त्या वीतभर पाण्यावर येऊन ठेपलं होतं. मी शेडच्या पायरीवर बसले आणि सरळ रडले.

बाजांवरच्या लोकांनी हे बघितलं आणि तासाभरात बातमी बांधावर पोचली, ती अशी, की नाना-अण्णांचा जंतू पाण्यावाचून मरायला लागलाय.

त्या दिवशी विहिरीची पाळी किसननानांची होती. अडीच वाजता त्यांची बैलगाडी फाटकातून आत आली, वर चार पिंपं. मचूळ पाणी टाकीच्या वेष्टणाला चालतं का, एवढंच त्यांनी विचारलं. चालतं म्हटल्यावर पिंपं हौदात ओतली आणि गाडी फिरवली. अर्ध्या वाटेत त्यांना मारुतीअण्णांची गाडी भेटली. वर पाच पिंपं. दुसऱ्याच्या पाळीच्या दिवशी विहिरीत मोटार सोडायची ही सतरा वर्षांतली सगळ्यात गंभीर आगळीक होती, पण नानांनी त्यावर फिर्याद केली नाही. त्यांनी पुढच्या खेपेला सहा पिंपं आणली.

मग जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत आणि दुसऱ्या दिवशीही चाललं. ज्याचं पाणी जास्त त्याचा जंतू, असा निवाडा दोघांनी मनोमन केला होता. बैलांची दमछाक झाली. करीमभाई फाटकाशी उभे राहून पिंपं मोजत आणि मला आकडे सांगत. टाकी चौतीसपर्यंत चढली, थांबली, मग हळूहळू उतरायला लागली. सगळे लोक पाइपाखाली उभे राहून तापमान विचारत होते. मी उत्तर देत होते आणि कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हते. त्या टाकीत त्यांचा जंतू नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी तलाठीआप्पा आले. मी त्यांना पाइपाखाली उभं केलं आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. त्यांनी घेतला. पुन्हा घेतला. पाऊस असाच असतो म्हणाले. मी पाइपाची झडप बंद करवली, वास गेला, उघडली, आला. असं तीनदा झाल्यावर त्यांनी बाजेवर बसून दाखला लिहून दिला: सदर पाऊस यांत्रिक स्वरूपाचा असून पिकांस उपयोगी नाही. टँकर सुरू झाला.

सहाव्या दिवशी टाकी उतरवली. पूड निघाली, नेहमीपेक्षा थोडी कमी, पण पिवळीधमक. सर्वसाधारण सभेत चेअरमनसाहेबांनी काचेची बरणी उंच धरून आपल्या मातीवर वीस मिनिटं भाषण केलं आणि किसननाना-मारुतीअण्णांना एकाच व्यासपीठावर शाल-श्रीफळ दिलं. दोघांनी पाठीला पाठ लावून फोटो काढला. युनिट चालू ठेवण्याचा ठराव हात वर करून मंजूर झाला. माझाही हात वर होता. त्यानंतर अकरा वर्षं ते चाललं आणि मग बाहेरच्या देशातली स्वस्त पूड आल्यावर बंद पडलं. पण ती अकरा वर्षं चाळीस घरं चालली, हे मी स्वतःला अजून सांगत असते.

सभेनंतर आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. त्यात करीमभाईंनी सांगितलं की ते दोन दिवस नानांच्या मोसंबीला पाणी मिळालं नाही, आणि आठ झाडांतली दोन वाळली. अख्ख्या दुष्काळात त्यांनी ती झाडं तांब्यातांब्यानं जगवली होती. मी लूना काढली आणि बांधावर गेले.

दोघं तिथेच होते, विहिरीच्या दोन बाजूंना. मी मधे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. टाकीत पुण्याचा जंतू होता, तुमचा नव्हता, मी फसवलं. मला वाटलं होतं शिव्या खाव्या लागतील.

"मंग आमचा कुठं हाय?" अण्णांनी विचारलं.

"फ्रीजमध्ये. नळीत."

"जित्ता हाय?"

"हाय," मी म्हटलं.

अण्णांनी मान हलवली. नाना विहिरीत बघत होते.

"टाकीतल्यानं पाणी कुणाचं पिलं?" ते म्हणाले.

"तुमचंच."

"मंग त्यो पुन्याचा कसा? अशा सालात पाणी पाजलंय आमी त्याला. त्यो हितलाच झाला आता."

यावर अण्णांना हरकत नव्हती. त्यांना हरकत होती ती 'आमी' या बोलण्याला. पाणी पाजलं हे खरं, पण जास्त कुणी पाजलं, हे ठरल्याशिवाय तो कुणाचा ते कसं ठरणार? आणि मग सतरा वर्षांत पहिल्यांदा ते थेट एकमेकांशी बोलायला लागले, म्हणजे भांडायला लागले. मला मधे धरायचंही विसरले. माझी छत्तीस, तुझी तेहेतीस. तेहेतीस कावून, मोजलीत का. असं चाललं आणि शेवटी दोघं माझ्याकडे वळले.

"म्याडम, तुमच्या वहीत असंल की," अण्णा म्हणाले. "पिंपं कुणाची जास्त?"

वहीत होतं. करीमभाईंनी मोजलेलं, मी लिहिलेलं. नानांची दोन पिंपं जास्त होती.

"सारखीच आहेत," मी म्हटलं.

अण्णांनी समाधानानं तंबाखूची पिशवी काढली. नानांनी आपली पिंपं नक्की मोजली असणार, अण्णांचीही मोजली असणार. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, वाळलेल्या झाडांकडे बघितलं आणि तंबाखूसाठी अण्णांपुढे हात केला.

"बराबर हाय," ते म्हणाले.